लोणा

मराठी माणसाचे आणि विटेचे नाते मोठे चमत्कारिक आहे. ज्या विटेवर आमचा विठोबा कमरेवर हात ठेवून उभा राहिला, त्याच अक्षरांनी आम्ही कंटाळ्यालाही नाव दिले. 'वीट' म्हटले की भाविकाला पंढरपूर आठवते आणि महिनाअखेरीचा हिशेब मांडणाऱ्याला 'वीट आला' आठवते. वर्गात मी मुलांना सांगतो, पहिली वीट संस्कृतातल्या 'इष्टके'च्या घराण्यातली आणि दुसरी 'विटणे' या क्रियापदाच्या घरची. दिसायला सारख्या, पण गोत्र निराळे. मुले माना डोलावतात आणि लिहून घेतात. मला मात्र आमच्या वाड्याच्या एका भिंतीपायी या दोन्ही विटांचा एकदमच अनुभव आला. त्याचीच हकीकत आज सांगणार आहे. एरवी या सदरात मी एखाद्या शब्दाचे बोट धरून निघतो आणि दोन रकान्यांत घरी परततो. दिवाळी अंकात संपादकांनी जागा सढळ दिली आहे, तेव्हा आज थोडे लांब जाऊ.

आजचा शब्द आहे 'लोणा'. लवणापासून लोण झाले, लोणापासून बरणीतले लोणचे झाले आणि भिंतीवरचा लोणाही झाला. जुन्या घरात राहिलेल्यांना तो सांगायला नको. ओल धरलेल्या भिंतीवर पांढरी भुकटी फुलते, बोट लावले तर खरखरते, जिभेला लावली तर खारट लागते. (लहानपणी हा प्रयोग केला नाही असा वाड्यातला मुलगा विरळा!) ही भुकटी म्हणजे जमिनीतले आणि विटेतले क्षार. पाणी त्यांना विरघळवून भिंतीत वर चढवते, पृष्ठभागाशी येऊन स्वतः वाफ होऊन निघून जाते आणि क्षारांना तिथेच सोडून देते. पाहुणा निघून जावा आणि त्याचे सामान आपल्या ओसरीवर पडून राहावे, तसे.

आमचा वाडा पुण्यात, मुठेच्या जवळच्या एका पेठेत. वाडा हा शब्द आता मोठा वाटतो; उरला आहे तो दोन खणांचा भाग, एक चौक, आणि चौकाच्या मागची उंच भिंत. जोते काळ्या दगडाचे आणि वर भाजक्या विटा, चुन्यात बांधलेल्या. विटा आजच्यापेक्षा पातळ. ज्यांनी शनिवारवाड्याचा कोट पाहिला आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. तिथेही खाली दगड आणि वर वीट. त्या वाड्याचे बांधकाम १७३० साली सुरू झाले, १८२८ च्या आगीत आतले सारे लाकूडकाम जळून गेले, पण कोट अजून उभा आहे. आमच्या भिंतीची योग्यता अर्थात एवढी नाही. परंतु आमच्या घरात तिला मान होता, आणि त्याला कारण होते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. माझे वडील, अण्णा, तेव्हा नऊ वर्षांचे होते. पाणी ओसरल्यावर घरी परतले तेव्हा पाहिलेले दृश्य ते अजून सांगतात. शेजारच्या वाड्यांच्या मातीच्या, कच्च्या विटांच्या भिंती भिजून बसकण मारल्यासारख्या खाली आल्या होत्या. जिथे स्वयंपाकघर होते तिथे चिखलाचा ढीग होता. आमच्याही आतल्या भिंती गेल्या. मागची ही एक तेवढी उभी राहिली. आजोबांनी पाण्याची खूण पाहून भिंतीवर गेरूने एक आडवी रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. ती रेघ म्हणजे आमच्या घरची बखर होती. दर पावसाळ्याच्या आरंभी आजोबा गेरू कालवून ती गिरवीत. ते गेल्यावर अण्णा गिरवू लागले.

आता माझा पराक्रम ऐका. २०१३ साली माझी नोकरी कायम झाली, थकबाकीचे पैसे एकरकमी हाती आले, आणि अण्णांना काहीतरी करून दाखवावे अशी उबळ मला आली. दिवाळी तोंडावर होती. भिंत काळवंडली होती, दर्जांमधला चुना जागोजाग भुसभुशीत झाला होता. मी एका ठेकेदाराला बोलावले. त्याने भिंत पाहून दोन शब्दांत निदान केले आणि तीन शब्दांत उपाय सांगितला: ॲसिड, सिमेंट, फरशी. अण्णा चार दिवस मावशीकडे गेले होते. त्यांना चकित करायचे म्हणून मी घाई केली. न्हाणीघराच्या लाद्या धुतात तसल्या ॲसिडने भिंत धुतली, तारेच्या ब्रशांनी घासली, दर्जा कोरून त्यांत सिमेंट भरले आणि चौकात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फरशी बसवली. भिंत अशी लालबुंद झाली की जणू कालच भट्टीतून आली.

अण्णा परत आले. चौकात उभे राहून त्यांनी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. "छान झाली," म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

रेघ पुसली गेली हे माझ्या ध्यानात आले ते पुढच्या पावसाळ्यात. गेरूची वाटी ताकात नेहमीच्या जागी होती; अण्णांनी ती काढलीच नाही तेव्हा. मी विचारायला गेलो आणि शब्द घशात अडकले. त्यांनीही विषय काढला नाही. बापलेकांच्या मधल्या कित्येक गोष्टी अशाच फरशीखाली जातात.

त्यानंतर तीनचार वर्षे भिंत मला ठीक दिसत होती. २०१७ च्या श्रावणात एकदा सकाळच्या तासासाठी लवकर उठलो, तर चौकात अण्णा केरसुणी घेऊन भिंतीच्या कडेने झाडत होते. केरसुणीपुढे लाल भुकटी होती. त्यांनी ती सुपलीत भरली आणि बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात ओतली. तसले तीन डबे जिन्याखाली होते, दोन काठोकाठ भरलेले. मी जवळ जाऊन भिंतीला हात लावला, तर विटेचा पोपडा माझ्या तळहातावर आला. विटा पोटातून कोरल्यासारख्या झाल्या होत्या आणि त्यांच्यामधले सिमेंट मात्र मधमाश्यांच्या पोळ्याच्या चौकटीसारखे जसेच्या तसे पुढे आलेले होते.

"हे केव्हापासून चाललंय?" मी विचारले.

"दुसऱ्या पावसाळ्यापासून," अण्णा म्हणाले. "तू हौसेनं केलं होतंस रे."

म्हणजे तीन वर्षे हा गृहस्थ मी उठायच्या आत माझ्या चुकीचा केर काढत होता.

मग मी गवंडी शोधू लागलो. चुन्याचे काम जाणणारा माणूस आता सहजी मिळत नाही. अखेर एका देवळाच्या दुरुस्तीवर काम केलेले सत्तरीचे एक मिस्त्री मिळाले. आले, भिंतीकडे पाहिलेच नाही. आधी वर गच्चीच्या पन्हळीकडे पाहिले, मग बाहेर जाऊन रस्ता पाहिला, मग फरशीवर पाय आपटला.

"सर, भिंत आजारी नाही," म्हणाले, "भिंत तहानेपेक्षा जास्त पाणी पितीय. ते कुठनं येतं ते आधी बघू."

पाणी तीन वाटांनी येत होते. पन्हळीचा नळ सांध्यात गळत होता. बाहेरचा रस्ता थरावर थर चढून आमच्या जोत्याच्या बराच वर आला होता, त्यामुळे पावसाचे पाणी भिंतीच्या पायाशी तुंबत होते. आणि चौकात पूर्वी माती होती, तीतून जमिनीची ओल मोकळी उडून जाई. मी फरशी घालून तिचे तोंड बंद केले, तेव्हा तिला भिंत हा एकच जिना उरला.

पुढचे सारे मिस्त्रींनी मला थापीच्या टोकाने शिकवले, आणि मी नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिले; दोन्हींत विरोध आढळला नाही. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो रटरटतो, फुलतो आणि विरतो. विरलेला चुना वाळूबरोबर घाणीत मळायचा. पूर्वी दगडी चाक बैल ओढीत. हा चुना दर्जांत बसला की हवेतला कार्बन वायू शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा दगड, असा तो फेरा आहे. परंतु हा नवा दगड सच्छिद्र असतो आणि विटेहून मऊ असतो. भिंतीत शिरलेली ओल दर्जांच्या वाटेने बाहेर पडते. क्षार साठायचे ते दर्जांत साठतात. झिजायचा तो चुना झिजतो. पन्नास वर्षांनी तो कोरून नवा भरला की काम झाले. वीट वाचते.

सिमेंट हा गुणी पदार्थ आहे; त्याची निंदा करण्याचे मला कारण नाही. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात घेतले आणि त्यावर आज निम्मे जग उभे आहे. परंतु ते जुन्या मऊ विटेपेक्षा कठीण आणि पाण्याला बरेच अडवणारे. दर्जांची वाट बंद झाली की ओल विटेतून बाहेर निघते, क्षार विटेच्या कातडीखाली स्फटिक होऊन फुगतात आणि कातडी उडवून लावतात. शेजाऱ्यांत एक जण फार ताठ असला की दुसऱ्याला झिजावे लागते. इथे झिजायची पाळी विटेवर आली. आणि ॲसिडने आगीत तेल ओतले. ते चुन्याला खाते, आणि खाऊन झाल्यावर स्वतःचे क्षार भिंतीत सोडून जाते. तारेच्या ब्रशाने विटेची भाजून कडक झालेली वरची साल गेली ती वेगळीच. वाळूचा फवारा मारून भिंती घासायचे यंत्रही असते. जुन्या विटेला ते तर सोलूनच काढते.

"मग स्वच्छ करायची कशी?" मी विचारले.

"जेवढी लागेल तेवढीच," मिस्त्री म्हणाले. "काळी झाली म्हणजे घाण झाली असं नाही. म्हातारा माणूस काय साबणानं तरुण होतो?"

लोणा आहे तिथे पाणी लावायचे नाही. पाण्याने तो पुन्हा विरघळून आत जातो. कोरड्या भिंतीवरून मऊ कुंचल्याने झटकायचा, सुपलीत गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. शेवाळ असेल तिथे लाकडी पट्टीने खरवडायचे आणि साध्या पाण्याने मऊ ब्रश फिरवायचा. क्षार फारच असतील तर क्षार नसलेल्या पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा किंवा शाडू भिंतीवर थापायचा; तो वाळताना क्षार ओढून घेतो. वाळला की काढून टाकायचा आणि पुन्हा नवा थापायचा. आजीने गळवावर पोटीस बांधावे, त्यातलाच प्रकार.

दिवाळीनंतर कामाला हात घातला. हंगाम मिस्त्रींनीच ठरवला. चुन्याला रणरणते ऊन सोसत नाही आणि कोवळ्या दर्जांना मुसळधार पाऊसही नाही; हिवाळ्यात भरले की पावसापूर्वी त्यांना काही महिने मिळतात. पहिले पंधरा दिवस भिंतीला कोणी शिवलेच नाही. नळ बदलला. फरशी उखडली. भिंतीच्या कडेने चर खणून खडी भरली आणि पाण्याला उतार दिला. भिंत सुकू दिली. मला घाई झाली होती. मिस्त्री म्हणत, "घाई मागच्या वेळी झाली की, सर."

मग सिमेंट काढायला घेतले. मला वाटले होते, सगळे निघेल. मिस्त्रींनी कापायचे यंत्र आणू दिले नाही. बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी. दर्जाच्या मधोमध छिन्नी धरायची, विटेच्या कडेला नाही. जिथे सिमेंट सुटून आले तिथे काढले. जिथे विटेला घट्ट चिकटले होते तिथे त्यांनी दोनतीनदा ठोकून पाहिले आणि छिन्नी खाली ठेवली.

"हे राहू द्या. हे काढायला गेलो तर वीट घेऊन येईल."

सुमारे तिसरा हिस्सा सिमेंट असे भिंतीत राहिले. ते अजून आहे. आपली प्रत्येक चूक दुरुस्त करता येते, ही माझी मास्तरकीतली समजूत होती. मी वहीत लाल शाईने खुणा करतो आणि मुले पुन्हा लिहून आणतात. भिंतीत तसे नसते. काही चुका तशाच ठेवूनच पुढचे काम करावे लागते.

दर्जा निदान एक इंच खोल साफ केल्या, भुकटी झटकली, आणि पाणी शिंपडून विटा ओलसर केल्या. कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते आणि चुना अळणी होतो. माप एक वाटा चुना आणि तीन वाटे धुतलेली वाळू, त्यात थोडी सुरकी, म्हणजे विटेची पूड. तिने चुन्याला जोर येतो. जुने गवंडी गुळाचे पाणी, बेलफळ, हिरडा असेही काही घालीत. आधी कोपऱ्यात हातभर जागेत नमुना भरून आठ दिवस पाहिला, मग पुढे निघाले. भरलेल्या भागावर ओले गोणपाट टांगायचे आणि ते सुकू द्यायचे नाही, हे काम अण्णांनी मागून घेतले. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते पंचपात्री घेऊन निघाल्यासारखे झारी घेऊन निघत.

सुरकीचे नाव निघाले तेव्हा एक प्रसंग झाला. अण्णा जिन्याखाली गेले आणि बिस्किटांचे तिन्ही डबे घेऊन आले. "ही घ्या की. या भिंतीचीच आहे. याचसाठी ठेवली होती." इतकी वर्षे त्यांनी ती केराच्या पेटीत का टाकली नव्हती, हे मला तेव्हा समजले. मिस्त्रींनी चिमूट उचलली, जिभेला लावली आणि थुंकली.

"अण्णा, हिच्यात लोणा आहे. ही घातली तर नव्या चुन्यालाबी लागेल."

अण्णा क्षणभर डब्यांकडे पाहत राहिले. मग हसले. "बरं झालं चाखलीत," म्हणाले. दुसऱ्या दिवशी डबे रिकामे होऊन ताकात पालथे ठेवलेले होते. सुरकी आम्ही बाहेरून आणली.

या उद्योगात माझे वाचनही वाढले. मोहेंजोदडोचे उत्खनन १९२२ साली सुरू झाले. आज ते ठिकाण पाकिस्तानात, सिंधमध्ये आहे. तिथल्या भाजक्या विटांची उंची, रुंदी आणि लांबी एकास दोनास चार या प्रमाणात आहे. चार हजारांहून अधिक वर्षे मातीखाली टिकलेल्या त्या भिंती वर आल्या आणि लोण्याने खाल्ल्या. युनेस्कोने १९७४ साली त्यांच्या रक्षणासाठी जगभर मदत मागितली. आणि भिंतींवर केलेल्या उपायांतला एक कोणता, तर मातीचा लेप! क्षार त्या लेपात यावेत, लेप झडावा, पुन्हा थापावा, आणि वीट राहावी. हडप्प्याच्या विटांचे नशीब त्याहून वाईट. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली घालायला त्या उपसून नेल्या. विलायतेत विल्यम मॉरिस हा कवी जुन्या इमारती घासूनपुसून नव्या करण्याच्या वेडाला इतका वैतागला की त्याने १८७७ साली त्यांच्या रक्षणाची संस्थाच काढली. तिला 'खरवडविरोधी' असेही म्हणत. एका कवीला गवंड्यांची काळजी वाटली याचे मला बरे वाटले. मी साहित्याचा मास्तर असून ती मला वाटली नव्हती.

माझे चुलतभाऊ या काळात एकदा येऊन गेले. त्यांचे म्हणणे रास्त होते. "वाडा आज ना उद्या पाडावाच लागणार. आठ हिस्सेदार आहेत. मग या भिंतीवर एवढा खर्च कशाला?" माझ्यापाशी हिशेबाचे उत्तर नव्हते, आजही नाही. पुढे इथे सात मजली इमारत उभी राहील आणि तिच्या पार्किंगमध्ये ही भिंत नसेल, हे मला दिसते. पण अण्णा रोज सकाळी या भिंतीसमोर चहा घेतात. ते आहेत तोवर तिने त्यांच्यादेखत भुगा होऊ नये, एवढाच माझा हिशेब होता.

फेब्रुवारीत काम संपले. भिंत काही देखणी झाली नाही. कुठे जुनी वीट, कुठे पडक्या वाड्यातून आणलेली, कुठे पांढरी दर्जा, कुठे करडी. आजोबांच्या सदऱ्याला आजी ठिगळे लावी तशी दिसते. त्यावर आता काही पावसाळे गेले आहेत. दर्जांवर थोडा लोणा येतो, मी कुंचल्याने झटकतो. विटा झडत नाहीत.

काम संपले त्या दिवशी मिस्त्रींनी हत्यारे धुतली आणि विचारले, "अण्णा, ती पुराची रेघ कुठं होती म्हणता?"

मी खाली पाहू लागलो. अण्णा मात्र लगेच उठले. भिंतीत पणतीचा एक कोनाडा आहे. त्याच्या खालून ते विटांचे थर मोजू लागले. पाच मोजले आणि थांबले. पुन्हा मोजले, तर सहा आले. तिसऱ्यांदा मोजले आणि वैतागून म्हणाले, "पाणी होतं ते. फूटपट्टी नव्हती!" मग मला म्हणाले, "ताकात वाटी आहे बघ. गेरू भिजव."

रेघ त्यांनी पाचव्या आणि सहाव्या थराच्या मधल्या दर्जेवर ओढली. हात थोडा कापला, त्यामुळे ती डावीकडे चढली आहे. तारीख मला घालायला लावली. गेल्या पावसाळ्यात रेघ मी गिरवली. अण्णा खुर्चीवर बसून सूचना देत होते.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या घरची रंगरंगोटी बहुधा उरकली असेल. उरली असेल आणि घर जुने असेल, तर दर्जात एकदा खिळा फिरवून पाहा. चुना असेल तर चुनाच भरा. पाणी कुठून येते ते आधी शोधा. आणि भिंत धुवायला घेण्यापूर्वी घरातल्या वडील माणसाला विचारा, तिच्यावर काही लिहिलेले आहे का. आमच्या कोनाड्यात यंदाही पणती लागेल. तुमच्याही लागो. असो.